सुतारपडवी : पडलेल्या झाडाच्या फळ्या

मागच्या अंकात बोलता बोलता मी चेनसॉ मिलचा विषय काढला आणि तिथेच फसलो, कारण त्यानंतर आलेल्या पत्रांत एकही पत्र बिजागरीचं नाही की पॉलिशचं नाही, सगळी ओंडक्यांची. म्हणून यावेळी अख्खं सदर त्यालाच दिलंय. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की चेनसॉ मिल म्हणजे गिरणी नव्हे, ती एक ॲल्युमिनियमची चौकट असते. ती चेनसॉच्या बारला, म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते त्या लांब पट्टीला, दोन्ही टोकांना पकडते आणि बार ओंडक्याच्या वरच्या सपाटीपासून ठरावीक खोलीवर आडवा धरून ठेवते, मग दोन इंचावर बोल्ट आवळला की दोन इंचाची फळी, तीनवर आवळला की तीनची. अमेरिकेतल्या ग्रॅनबर्ग कंपनीची अलास्कन मिल सगळ्यांत प्रसिद्ध, म्हणून कुणाचीही असली तरी लोक तिला अलास्कनच म्हणतात. आमच्या वाडीत तिला शिडी म्हणतात, का ते पुढे येईलच.

प्रश्न : काका, २०२१ च्या तौक्ते वादळात आजोबांच्या हातचा रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला. गोठ्यामागे तसाच पडलाय. बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही एवढा आहे. त्याचं जेवणाचं टेबल करायचं आईच्या फार मनात आहे. शेजारी एक फणसही पडलाय पण त्याचं कुणाला काही नाही. आंब्याच्या फळ्या पाडता येतील का? (देवगड)

उत्तर : आईंना वाईट वाटेल, पण मी असतो तर आधी त्या फणसाकडे गेलो असतो. आंब्याचं लाकूड पडलं की लगेच बिघडायला लागतं, त्यात साखर-स्टार्च भरपूर, मधला गाभा असा वेगळा टिकाऊ निघतच नाही फारसा, त्यामुळे मे महिन्यात पडलेला आंबा जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झेलतो आणि बुरशीने आतून निळा-राखाडी व्हायला लागतो. तेवढ्यात चिरला तर ते राखाडी पट्टे दिसायला सुंदर असतात, लोक मुद्दाम मागतात. पण पुढचे इतके पावसाळे मातीवर लोळून गेल्यावर तो रंग राहत नाही, कूज होते. फणसाचं उलटं आहे. त्याची बाहेरची पांढरी जाडी वाळवी आणि भुंगा खाऊन टाकतात, पण आतला पिवळा गाभा कितीतरी वर्षं टिकतो, जुन्या घरांचे खांब आणि दाराच्या चौकटी आपल्याकडे काय उगाच फणसाच्या नाहीत.

तरी आंब्याची एक परीक्षा घेऊन बघा. घणाने किंवा मोठ्या हातोडीने बुंध्यावर हातभर अंतरावर ठोकत जायचं, टणक आवाज आला तर जीव आहे, बद्द आवाज आला तर आत पोकळ किंवा भुसा. मग दोन्ही तोंडांकडून फूटभर कापून टाका आणि ताज्या तोंडात स्क्रूड्रायव्हर दाबा. लोण्यासारखा गेला तर विषय संपला. नाही गेला तर मधला चार-पाच फुटांचा तुकडा तरी वाचेल, त्याचं टेबल नाही झालं तरी एक बाक होईल, नाहीतर देव्हाऱ्याची फळी. आणि फणस चिरून टेबल फणसाचं, त्याच्या मधोमध आंब्याची एक पट्टी, असंही करता येतं. मी एका घरात केलंय आणि त्या घरच्या आजी रोज त्या पट्टीवरच ताट ठेवतात.

एक सावधगिरी. मुळासकट पडलेलं झाड कधीकधी अजून ताणात असतं. बुंधा कापून मोकळा झाला की मुळांचा गड्डा मातीसकट परत खड्ड्यात उभा राहतो, एका झटक्यात. त्या खड्ड्यात पोरं खेळत असतात, गुरं बसलेली असतात. आधी तिकडे बघा, मग मशीन सुरू करा.

प्रश्न : झाड आमच्या मालकीच्या जागेतलं, पडलंही वाऱ्याने. मग फळ्या पाडायला परवानगी कशाला लागते? गावात प्रत्येकजण वेगळं सांगतो. (चिपळूण)

उत्तर : प्रत्येकजण वेगळं सांगतो कारण प्रत्येकाला दंड वेगवेगळ्या कारणासाठी झालेला असतो. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, खैर अशी आपली रोजची झाडं आहेत आणि ती मालकीच्या जागेतली असली तरी तोडायला परवानगी लागते. वाऱ्याने पडलेलं झाड तुम्ही तोडलं नाही हे खरं, पण महिन्याभराने चिरलेल्या सागाच्या फळ्या बघून ते कुणाला कळणार? म्हणून झाड पडल्या दिवशीच मुळांच्या गड्ड्यासकट फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या (वादळाची भरपाई मागायला तो लागतोच) आणि एक साधा अर्ज वनक्षेत्रपाल कार्यालयात द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. परसात चिरून परसातच ठेवलं तर निम्मी कटकट कमी, पण टेंपोत घालून लाकूड रस्त्याला लावलं की बऱ्याच जातींना वाहतूक पास लागतो. सागाच्या बाबतीत तर नाक्यावर कुणी ऐकूनच घेत नाही. आणि मिल घेऊन दुसऱ्यांची लाकडं पैसे घेऊन चिरायचा विचार असेल तर वनखात्यात आधी विचारा, सॉ मिलला लायसन लागतं आणि "ही हातातली आहे हो" हा युक्तिवाद मी करून बघितलाय, समोरच्या साहेबांनी चहा पाजला, पण मान काही डोलवली नाही.

प्रश्न : काका, माझ्याकडे ५८ सीसीची चेनसॉ आहे, ऑनलाइन घेतलेली, २२ इंची बार. मिलची चौकट पण ऑनलाइन मिळते. यावर दोन फुटी किंजळ चिरता येईल का? यूट्यूबवर लोक करतात. (कुडाळ)

उत्तर : अरे बाबा, यूट्यूबवर लोक कापतात ते पाईन, आणि व्हिडिओ पळवतात चौपट वेगाने. किंजळ म्हणजे काय चीज आहे ते तुझ्या गावच्या सुताराला विचार, रंध्याला शिव्या घालतच तो उत्तर देईल.

आता गणित बघ. २२ इंची बार म्हणजे २२ इंच काप नाही. मिलचे दोन्ही क्लॅम्प जागा खातात, पुढे टोकाला थोडं आणि मागे इंजिनापाशी थोडं, हातात उरतात सोळा-सतरा इंच. म्हणजे दोन फुटी ओंडका बसतच नाही, प्रश्न तिथेच मिटला. दोन फुटांसाठी तीस ते छत्तीस इंची बार पाहिजे आणि तेवढा बार लाकडात बुडवून ओढायला नव्वद सीसीच्या आसपासचं इंजिन, स्टिलची एमएस ६६१ किंवा हुस्क्वर्नाची ३९५ या जातीचं. आडवा काप मारताना इंजिनला दहा-वीस सेकंद जोर लागतो, मग श्वास मिळतो. मिलवर ते पाच-सात मिनिटं सलग फुल थ्रॉटलवर ओरडत असतं. माझी पहिली मशीन साठ सीसीच्या आतलीच होती, कंपनीचं नाव घेत नाही, तिसऱ्या फळीला पिस्टन चिकटला, आणि चूक मशीनची नव्हतीच, मी तिला बैलगाडी समजून ट्रकचा माल भरला होता. दुकानदाराने सिलिंडर उघडून दाखवला, आत भिंतीवर उभे ओरखडे, जसे कुणी खिळ्याने काढलेत.

तुझ्या ५८ सीसीवर एक फुटापर्यंतचे ओंडके चिर, तेही मऊ, उंबर, सावर, फार तर आंबा. प्रत्येक फळीनंतर अर्धा मिनिट मशीन रिकामी फिरू दे, मग बंद कर, गरम मशीन झटकन बंद केलेली तिला चालत नाही. पेट्रोलमध्ये ऑईल डब्यावर लिहिलंय तेवढं, चांगल्या कंपनीचं असेल तर ५० ला १ म्हणजे लिटरला वीस मिली, "थोडं जास्त टाकू म्हणजे बरं" हे करू नकोस. त्याऐवजी कार्बोरेटरचा एच स्क्रू किंचित सोडून घे म्हणजे इंजिनला पेट्रोल जास्त मिळून ते थंड राहतं, येत नसेल तर मेकॅनिककडून. आणि हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल टाकीत ठेवून महिनाभर विसरू नकोस, ते आपल्या हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचे रबरी पडदे खराब होतात. काम झालं की टाकी रिकामी, मग मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालव.

चेन. हे सगळ्यांसाठीच सांगतो कारण दहापैकी सहा पत्रांत हा प्रश्न होता की "काप खडबडीत येतो, मशीन पुढे जात नाही". दुकानातून येते ती चेन झाड आडवं कापायची, तिच्या दातांचा वरचा कोन तीसच्या आसपास असतो. मिलवर दात लाकडाच्या रेषांना तोंडावरच भिडतो, तिथे दहा अंशांचा कोन लागतो, त्याला रिपिंग चेन म्हणतात. मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर जुनी चेन गोल कानशीने हळूहळू दहावर आणा, तीन-चार वेळच्या धारेत येते. धार गेली हे ओळखायचं भुशावरून. रव्यासारखा जाडसर भुसा पडतोय तोवर ठीक, तांदळाच्या पिठासारखा उडायला लागला की थांबा, मग एक फूटच उरला असला तरी थांबा. त्या शेवटच्या एका फुटासाठी जोर लावणाऱ्यांच्याच फळ्या वाकड्या येतात, कारण बोथट चेन जिथे मऊ लागतं तिकडे पळते.

आता ती शिडी. ओंडका गोल, मिलला सरकायला सपाटी पाहिजे, म्हणून पहिल्या कापाला वरती एक सरळ ॲल्युमिनियमची शिडी किंवा दोन सरळ रीपा ठोकायच्या आणि मिल तिच्यावरून सरकवायची. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर पाणसळ लावून रेघ मारा, शिडी त्या रेघेला समांतर बसवा, मधे झोल असेल तर खाली पाचरी. शिडी स्क्रूने आवळताना स्क्रूची लांबी मोजा, स्क्रू लाकडात जिथवर गेलाय त्याच्या निदान बोटभर खालून काप गेला पाहिजे. मी हे लिहितोय ते माझ्या एका चेनचे सतरा दात एका तीन इंची स्क्रूवर गेल्यानंतर. मीच मारलेला स्क्रू, मीच विसरलो.

ओंडक्याचं मागचं तोंड वीतभर उंच करून घ्या, उताराला मिल वजनानेच पुढे जाते, ढकलायची गरज पडत नाही. काप दीड-दोन फूट पुढे गेला की मागे चिरेत पाचर, मग दर दोन फुटांना एक, नाहीतर वरची फळी बसते आणि बारला आवळते. पाचरी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या, लोखंडी अजिबात नाही. एक फळी निघाली की पुढच्या कापाला शिडी नको, कापलेली सपाटीच शिडी.

आणि माणसं दोन पाहिजेत. दोन इंच जाड, दोन फूट रुंद, आठ फूट लांब ओली फळी सत्तर किलोच्या घरात जाते, ती एकट्याने उलटायला गेलात तर पाठीचा डॉक्टर लाकडापेक्षा महाग पडेल. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, पायात शेतावरची चप्पल नाही, बूट. धूर सगळा तोंडावर येतो कारण माणूस मशीनबरोबर वाकून चालत असतो, म्हणून वाऱ्याची दिशा बघून ओंडका लावा.

प्रश्न : निसर्ग वादळात आमच्या बागेतले नारळ आडवे झाले होते, काही अजून आहेत. नारळाच्या स्लॅब, म्हणजे जाड रुंद फळ्या, होतात का? (श्रीवर्धन)

उत्तर : होत नाहीत. जून २०२० मध्ये तुमच्याकडची माडांची बाग बघितली होती, काडेपेटी सांडल्यासारखी, त्यामुळे विचारावंसं वाटणं समजू शकतो. पण नारळाला गाभा-साल असला प्रकार नाही, तो गवताच्या भाऊबंदांतला, बाहेरचा दोन-तीन इंचाचा थर कडक आणि आत नुसता काथ्या. बाहेरच्या भागातून अरुंद फळ्या, रीपा, वासे निघतात, चांगले निघतात, फक्त चेन फार लवकर बोथट होते. तेही झाड पडल्या पडल्या. आता जे पडलेत त्यांची चूल पेटवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या दारातला मोठा रेन ट्री पावसात पडला. महापालिकेची माणसं तुकडे करून नेणार होती, आम्ही बुंधा ठेवून घेतला. एका सुताराने सांगितलं "जंगली लाकूड, जळाऊ आहे". दुसरा म्हणतो पाच फुटी टेबल होईल. कोण खरं? (पुणे, कोथरूड)

उत्तर : दुसरा. पहिल्याचा दोष नाही, आपल्या सुतारकामात रेन ट्रीला कधी कुणी विचारलं नाही, साग सोडून सगळंच त्यांना जळाऊ. पण इंडोनेशिया-थायलंडकडून जगभर ज्या रुंद स्लॅब जातात त्यांत मोठा वाटा याच झाडाचा आहे, इंडोनेशियात त्याला सुआर म्हणतात. गाभा चॉकलेटी, कडेला पिवळट पांढरा, आणि मोठा गुण असा की सुकताना फार कमी आकसतो, म्हणून जाड स्लॅबही फारशी फाटत नाही. बेचक्याचा भाग असेल, जिथे दोन फांद्या फुटतात, तो अजिबात टाकू नका, बेचकं मधोमध उभं चिरलं की आत मोरपिसासारखी नक्षी निघते. लोक बेचकं वेडंवाकडं म्हणून जाळतात, बघवत नाही.

कागद मात्र ठेवा. शहरात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण आहे, झाड पडल्याची नोंद उद्यान विभागाकडे आहे ना आणि बुंधा तुम्हाला ठेवू दिल्याचं कुठेतरी लेखी आहे ना ते बघा. सोसायटीत आज सगळे हौशी असतात, टेबल झाल्यावर एकजण नक्की तक्रार करतो.

आता रस्त्याकाठच्या झाडाचा खरा शत्रू, खिळे. क्लासच्या जाहिराती, घर भाड्याने देणे आहे, दिवाळीची माळ, नगरसेवकाचा वाढदिवस, सगळं त्याच झाडावर ठोकलेलं असतं आणि झाड ते गिळून वर साल धरतं. पंधरा वर्षांपूर्वीचा खिळा आज चार-पाच बोटं आत असतो. तोंडाच्या कापावर नीट बघा, कुठे शाई सांडल्यासारखा निळा-काळा डाग दिसला की त्या रेषेत आत लोखंड आहे, लोखंडाचा आणि लाकडातल्या टॅनिनचा मिळून तो रंग होतो. हा डाग लाकडात खालीवर लांब पसरतो, त्यामुळे खिळा नक्की कुठे ते डागावरून कळत नाही, आहे एवढं कळतं. मग हातातला मेटल डिटेक्टर फिरवायचा, एअरपोर्टवर अंगावरून फिरवतात तसला, तो वरचे दोन-तीन इंचच पकडतो म्हणून प्रत्येक फळी काढल्यावर परत फिरवायचा. सापडला की पटाशीने उकरून पक्कडीने ओढा. जमिनीपासून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंतचा भाग सगळ्यात वाईट, कारण ठोकणारा तिथेच पोचतो. जुनी चेन त्या भागासाठी राखून ठेवा, नवी वरच्या भागाला.

गिरणी जवळ असेल आणि क्रेनवाला ओंडका चढवून देत असेल तर गिरणीतच नेलेलं बरं, हे मी मिलवाला असून सांगतो. चेनचा काप आठ-नऊ मिलिमीटर लाकूड खातो, दोन इंची फळ्या पाडल्या तर शंभरातलं पंधरा लाकूड भुशात जातं. गिरणीच्या बँड पात्याला दोन-तीन मिलिमीटर पुरतात. फक्त गिरणीवाला खिळ्याचं झाड बघितलं की हात जोडतो, आणि तीन-साडेतीन फुटी ओंडका पुष्कळ गिरण्यांत बसत नाही. तिथे आमची शिडी.

प्रश्न : आम्ही मागच्या वर्षी आंब्याच्या सहा फळ्या पाडून पडवीत भिंतीला उभ्या लावल्या. आता रोज सकाळी खाली पिवळट पीठ पडलेलं असतं, झाडून काढलं की परत. सासूबाई म्हणतात घरातल्या सागालाही लागेल. (अलिबाग)

उत्तर : ताई, तो पीठ पाडणारा भुंगा आहे. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि हाताला टाल्कम पावडरसारखं लागणारं पीठ असेल तर तोच. त्याची अळी लाकडातला स्टार्च खाते आणि आंब्यात तो भरपूर. सासूबाईंना सांगा, सागाच्या गाभ्याला तो लागत नाही, पण सागाची पांढरी कड कुठे राहिली असेल किंवा घरात बांबूच्या टोपल्या, सुपं असतील तर तिथे जाईल, म्हणून फळ्या आजच पडवीतून बाहेर काढा.

उपाय खरं तर चिरल्या दिवशीचा आहे. ओल्या फळीला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी. शंभर लिटर पाण्याला तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड, गरम पाण्यात विरघळतं, फळ्या त्यात बुडवायच्या किंवा ब्रशने भरपूर पाजायच्या आणि मग ताडपत्रीत गुंडाळून दोन-तीन आठवडे ओल्याच ठेवायच्या, म्हणजे औषध पाण्याबरोबर आत उतरतं. सुकलेल्या फळीवर वरून लावलं तर वरच राहतं. तुमच्या फळ्या वर्षभर सुकल्यात, तेव्हा एक काम करा, ज्या फळीत भोकं फक्त कडेला आहेत तिची कड दोन-तीन इंच कापून जाळून टाका. ज्या फळीत मधेही आहेत ती सगळीच चुलीत. जीव तुटतो, माहितीये. हातमोजे घालूनच औषध हाताळा आणि ज्या फळीवर पोळ्या लाटायच्या किंवा भाजी चिरायची तिला हे लावू नका.

आणि भिंतीला उभ्या का लावल्यात? फळ्या आडव्या, एकावर एक, मधे इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दर दीड फुटाला एक, आणि सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत, एक जरी सरकली तरी फळी तिथे कमान घेते. फळ्यांची दोन्ही तोंडं चिरल्या दिवशीच मेणाने किंवा जुन्या ऑईलपेंटने जाड माखायची, कारण लाकूड तोंडातून फार झपाट्याने सुकतं आणि तिथूनच फाटत आत जातं. वरच्या थरावर चिरे ठेवा, जांभा चालेल, वजन पाहिजे.

प्रश्न : जाड स्लॅब किती दिवसांत सुकते? सुतार म्हणतो सहा महिने. आणि मधोमध निळं इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारं रेझिन) ओतून नदी करायची आहे, तर थोडी ओली चालेल का? (ठाणे)

उत्तर : इंचाला एक वर्ष, हा जुना हिशोब अजून चालतो, दोन इंचाला दोन वर्षं. कोकण-ठाण्यात चार महिने पावसाचे मोजूच नका, तेव्हा लाकूड सुकायचं सोडून उलट पाणी पितं. फळीचा एक वीतभर तुकडा कापून किचनच्या काट्यावर दर महिन्याला तोला, वजन तीन महिने हललं नाही की त्या जागेपुरती ती सुकली. त्या जागेपुरती, हे लक्षात ठेवा.

हे मी शिकलो ते पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडून. फणसाचं टेबल, सहा फुटी, दोन वर्षं माझ्या पडवीत सुकवलेलं, वजन स्थिर, मी खुशीत. मार्चमध्ये पाठवलं, फ्लॅटमध्ये दिवसरात्र एसी, मे महिन्यात फोन आला की "रात्री बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला". जाऊन बघितलं तर एका तोंडापासून दोन फूट लांब चीर, आत एक रुपयाचं नाणं जाईल एवढी, आणि पूर्ण फळी साल असलेल्या बाजूकडे वाटीसारखी वळलेली. माझ्या पडवीत लाकूड सुकलं होतं ते आमच्या दमट हवेच्या हिशोबाने, पुण्याच्या उन्हाळ्याला आणि एसीला त्यात अजून खूप पाणी शिल्लक होतं. वर मी पाय जोडायची लोखंडी पट्टी घट्ट स्क्रूने आवळली होती, फळीला आकसायला जागाच नाही, मग ती फाटणार नाहीतर काय. आता पट्टीत भोकांऐवजी लांबट खाचा ठेवतो आणि फळी जिथे जाणार त्या खोलीत महिना-दोन महिने आधी पाठवतो. ती चीर मी डमरूच्या आकाराच्या शिसवी तुकड्यांनी बांधली, तीन डमरू, गिऱ्हाइकाला आता तेच आवडतात, आलेल्या पाहुण्याला दाखवतो म्हणे.

इपॉक्सीचं विचारलंत तर ओलं लाकूड आणि इपॉक्सी एकत्र नांदत नाहीत, लाकूड आकसतं, इपॉक्सी आकसत नाही, मधे फट पडते किंवा वाफेने बुडबुडे येतात. निळ्या नदीबद्दल माझं मत विचारलं नाहीत पण सांगतो, आमच्याकडे जुलैमध्ये खरी नदी पडवीपर्यंत येते, टेबलावर आणखी एक कशाला.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, डिसेंबरमध्ये गुहागरला येतोय. इथून मिल आणि चेनसॉ आणू का? सासऱ्यांकडे जांभळाचे तीन ओंडके आहेत. (न्यू जर्सी)

उत्तर : जावईबापू, चौकट आणा, सुटी होते, ॲल्युमिनियमची आहे, बॅगेत कपड्यांमध्ये बसते. चेनसॉ आणू नका, एकदा पेट्रोल घातलेली मशीन विमानात घेत नाहीत, कितीही धुतली तरी वास राहतो. मशीन इकडे भाड्याने मिळाली तर बघा, नाहीतर कुणाची तरी मिळेलच, गावात जावयाला नाही कोण म्हणतं. बारची लांबी आणि चेनचा पिच-गेज (कड्यांमधलं अंतर आणि जाडी) फोन करून आधी विचारा आणि त्या मापाच्या रिपिंग चेन तिकडून दोन आणा, तीन आणल्यात तर उत्तम. सासऱ्यांना एवढं आजच सांगा की ओंडक्यांची तोंडं ऑईलपेंटने माखून ते जमिनीवरून उचलून दगडांवर ठेवा, सावलीत, जांभूळ तुम्ही येईपर्यंत तोंडाकडून फाटत जाईल नाहीतर.